माने, मोने आणि मोतीबिंदू

पॅरिसला जायच्या दिवसापर्यंत माझा फक्त उजवा डोळा तयार झाला होता. डाव्याचं परत आल्यावर करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "एक झालाय ना? मग आरामात जग बघून या." डॉक्टरांचा हा सल्ला जगापुरता ठीक होता. तिथे चित्रं बघायची आहेत, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण ते तोवर मलाही माहीत नव्हतं.

मोतीबिंदू निघाल्यावर काय काय दिसायला लागतं, हे आधी कुणी सांगत नाही. पट्टी निघाली त्या दिवशी मला शोध लागला, की आमच्या हॉलची भिंत पांढरी आहे. गेली पाच-सहा वर्षं मी तिला मोतिया समजत होतो आणि तो रंग निवडल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेत होतो. आता डावा डोळा मिटला की भिंत पांढरीशुभ्र, किंचित निळसरच. उजवा मिटला की तीच भिंत पिवळट, चहात बुडवून वाळत घातल्यासारखी. दोन दिवस मी आळीपाळीने डोळे मिटत घरभर फिरलो. ही म्हणाली, "ऑपरेशन डोळ्याचं झालंय ना? की डोक्याचं?"

मुलगी तिकडे नोकरीला असते. विमानात बसायच्या आठवडाभर आधी तिने फोनवर जाहीर केलं, "बाबा, ओर्से म्युझियमची तिकिटं काढलीत. तुला इंप्रेशनिस्ट दाखवायचेत." मी रेल्वेत ३४ वर्षं हिशेब तपासले. तिकीट काढलेलं असलं की प्रवास करायचा, एवढं तत्त्व मला मान्य आहे. पण चित्रकलेशी माझा शेवटचा संबंध सातवीत आला होता.

तेव्हा 'निसर्गचित्र काढा' म्हटलं, की वर्गातली साठच्या साठ मुलं एकच निसर्ग काढत. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून डोकावणारा अर्धा सूर्य, तिथूनच निघून थेट झोपडीच्या दारात येणारी नदी, एक नारळाचं झाड आणि आभाळात आडव्या तीनाच्या आकड्यासारखे पक्षी. आमच्या गावाला डोंगर नव्हता, नदी नव्हती आणि नारळ वाण्याकडे मिळे; पण निसर्ग हा असा असतो, यावर एकमत होतं. एकदा माझ्या ब्रशात पाणी जास्त झालं. सूर्याचा तांबडा डोंगरावर ओघळला, डोंगराचा जांभळा नदीत उतरला आणि नदी पाटावरून शेजारच्या मुलाच्या वहीत गेली. सरांनी लाल शाईने शेरा मारला, 'रंग रेषेबाहेर. १० पैकी ३.' मी रंगपेटी धाकट्या भावाला देऊन टाकली आणि पुढे हिशेबाकडे वळलो. तिथे रेषेबाहेर काही जात नाही.

तर तयारी करणं भाग होतं. मुलीने एक पुस्तक धाडलं होतं, ते उघडलं. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण कोण होते हो त्यांच्यात?"

"माने आणि मोने."

फोडणीचा आवाज थांबला. ही हातात झारा घेऊन बाहेर आली. "आपले?"

"एदुआर माने आणि क्लोद मोने. फ्रेंच होते."

"पण मग एक माने आणि एक मोने असे जोडीने तिकडे कसे?" हिला पटेना. माने म्हणजे सातारा-कोल्हापूरकडचे आणि मोने म्हणजे कोकणातले, हे आपल्याकडे बाळकडूतूनच पोटात जातं. शेवटी हिनेच तोड काढली. "एका ऑफिसात असतील."

गंमत म्हणजे या दोन नावांनी खुद्द पॅरिसवाल्यांनाही फसवलं होतं. तिथे दरवर्षी 'सालों' नावाचं सरकारी प्रदर्शन भरे. परीक्षक मंडळ चित्रं पसंत-नापसंत करी आणि जे पसंत पडे त्याचं पुढचं आयुष्य मार्गी लागे. १८६५ च्या सालोंमध्ये आडनावांच्या अक्षराप्रमाणे मान्यांची आणि मोन्यांची चित्रं जवळजवळ लागली. लोक येऊन मान्यांचे हात हातात घेऊन म्हणू लागले, काय सुरेख समुद्र काढलाय! मान्यांनी समुद्र काढलाच नव्हता. त्यांनी 'ऑलिंपिया' नावाची, अंगावर काही न घेता बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवणारी बाई काढली होती आणि तिच्यापायी ते शिव्या खात होते. समुद्र मोन्यांचा होता. माने भयंकर चिडले. हा कोण माझ्या नावाच्या जोरावर पुढे येतोय, म्हणाले. मला त्यांचं दुःख समजलं. आमच्या खात्यात एकाच आद्याक्षरांचे दोन कुलकर्णी होते. बदली एकाची झाली आणि दुसरा भुसावळला जाऊन रुजू झाला होता. पुढे माने-मोन्यांची मात्र चांगली मैत्री जमली. कुलकर्ण्यांचं तसं झालं नाही.

म्युझे दोर्सेच्या दारात सामान तपासणारं यंत्र होतं. आमची पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. हिने तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. चाळीस पुऱ्यांची चळत एक्स-रेमध्ये कशी दिसते ते मी पाहिलेलं नाही, पण रखवालदाराने पाहिली आणि त्याने डबा उघडायला लावला. ओवा-हिंगाचा वास १९व्या शतकाच्या दिशेने निघाला. त्याने वाकून पाहिलं, झाकण लावलं आणि हसून डबा परत दिला. हिने त्याच्यापुढे एक पुरी धरली. त्याने छातीवर हात ठेवून मान हलवली. "लाजतोय," ही म्हणाली.

आत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. वर कमानदार काचेचं छत, समोर लांबच लांब दालन, आणि भिंतीवर सोनेरी नक्षीचं भलंमोठं घड्याळ. आयुष्य रेल्वेत गेलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

"हे स्टेशन आहे," मी म्हणालो.

"होतं," मुलगी म्हणाली. "मला वाटलं तुला सरप्राइज द्यावं."

स्टेशनच होतं. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी व्हिक्टर लालू नावाच्या वास्तुरचनाकाराने ते बांधलं. गाड्या विजेवरच्या, त्यामुळे छताला काजळी नाही. आयफेल टॉवरला लागलं त्याहून जास्त लोखंड यात गेलंय, पण ते सगळं दगडाच्या आत झाकलेलं, कारण समोर नदीपलीकडे लूव्र. शेजारी राजवाडा असताना लोखंड दाखवत बसणं बरं दिसलं नसतं. आणि एवढा सगळा थाट कशाने संपला, तर फलाट आखूड पडले! विजेच्या गाड्या लांबत गेल्या, फलाटांना लांबायला जागा नव्हती. १९३९ पर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्या बंद झाल्या. पुढे ही इमारत पाडून तिथे हॉटेल बांधायचंही घाटत होतं. ते टळलं आणि १९८६ मध्ये तिचं संग्रहालय झालं. मी हे वाचून थक्क झालो. आपल्याकडे फलाट आखूड पडला तर मागचे डबे बाहेर उभे राहतात आणि प्रवासी सामानासकट खडीवर उड्या टाकतात. फलाट अपुरा म्हणून स्टेशनच बंद करून त्यात चित्रं लावावीत, हा विचार आमच्या खात्यात कुणी मांडला असता तर त्याचीही बदली भुसावळला झाली असती.

इंप्रेशनिस्ट पाचव्या मजल्यावर. मुलीने माझ्या कानात आवाजी मार्गदर्शक अडकवला आणि ती कामाचा फोन घ्यायला बाहेर गेली. हिने यंत्र घेतलं नाही. "मला कुणी कानात बोललेलं चालत नाही," म्हणाली. वर आल्यावर हिचे पाय दुखायला लागले होते. समोर एक बाक होता, पण तो काचेचा, आणि आत पाणी लहरत गोठलंय असं वाटणारा. ही त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आली. "हे बसायचं आहे की बघायचं?" मी कानातल्या बाईंना विचारू शकत नव्हतो. शेवटी एक म्हातारे गृहस्थ येऊन त्यावर टेकले आणि बुटाची नाडी बांधू लागले, तेव्हा ही निःशंक मनाने बसली. तो बाकसुद्धा एका नामांकित जपानी कलाकाराचं काम आहे, हे मला नंतर कळलं. म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर होती.

ही चित्रं बघण्याची एक रीत असते, असं पुस्तकात होतं. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे. मागे सरकलं की त्यांचं गवत होतं, पाणी होतं, बाईची टोपी होते. मी रीतसर जवळ गेलो, फटकारे मोजले आणि मागे सरकू लागलो. मागे सरकणाऱ्या माणसाला पाठीला डोळे नसतात, आणि माझे तर पुढचेही दीडच. पहिल्या पाच चित्रांत मी तिघांच्या पायावर पाय दिला. माफी मागण्यासाठी फ्रेंचमध्ये 'पार्दों' म्हणतात, हे मुलीने शिकवून ठेवलं होतं. घाईत माझ्या तोंडून दर वेळी 'पारडं' असं निघे. म्हशीच्या पिल्लाचा असा वारंवार उल्लेख होऊनही पॅरिसची मंडळी अदबीने मान लववत होती.

मला मुख्य म्हणजे ते एक चित्र बघायचं होतं, ज्याच्यावरून या सगळ्यांचं बारसं झालं. सालोंच्या परीक्षकांना कंटाळून या लोकांनी १८७४ च्या एप्रिलमध्ये स्वतःचं प्रदर्शन भरवलं. नादार नावाच्या प्रसिद्ध फोटोग्राफरच्या रिकाम्या स्टुडिओत. प्रवेशमूल्य एक फ्रँक. त्यात मोन्यांचं ल हाव्र बंदराचं एक चित्र होतं. धुकं, होड्यांच्या सावल्या आणि मध्ये नारिंगी सूर्य. नाव दिलं होतं, 'इंप्रेशन, सूर्योदय'. लुई लरुआ नावाच्या पत्रकाराने एका विनोदी पत्रात खिल्ली उडवली. त्याने एक जुन्या वळणाचा काल्पनिक चित्रकार प्रदर्शनातून फिरवला आणि त्याच्याकडून वदवलं, की भिंतीला चिकटवायचा अर्धवट कागदसुद्धा याच्यापेक्षा पूर्ण असतो. मथळ्यात या मंडळींना 'इंप्रेशनिस्ट' म्हटलं. त्यांनी पुढे तेच नाव मिरवलं. मला हा लरुआ ओळखीचा वाटला. लाल शाई तीच, फक्त मार्क दिले नव्हते.

आता सूर्योदय, तांबडा सूर्य, पाण्यात उतरलेला रंग, सगळं रेषेबाहेर! माझ्या सातवीच्या चित्राचा हा सख्खा थोरला भाऊ. त्याची गळाभेट घेतल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवून मी दालनामागून दालनं पालथी घातली. शेवटी एका सेविकेला पुस्तकातलं पान दाखवलं. तिने मायेने माझ्याकडे बघितलं आणि नकाशावर पॅरिसच्या पार दुसऱ्या टोकाला बोट ठेवलं. ते चित्र मार्मोतां संग्रहालयात असतं. पंढरपूरला पायी जावं आणि तिथे कळावं, की विठोबा सध्या बार्शीला असतो, तसं झालं. १९८५ मध्ये ते तिथून चोरीला गेलं होतं आणि पाच वर्षांनी कॉर्सिका बेटावर सापडलं. निदान ते ज्या जागी असायला हवं तिथे नसण्याची त्याला सवय आहे, असं मी मनाचं समाधान केलं.

परत आलो तर ही बाकावरून उठून चित्रं बघत होती. तिची रीत वेगळी होती. ती चित्रातल्या माणसांची चौकशी करत होती.

कायबोत नावाच्या चित्रकाराचं एक चित्र आहे. तिघे मजूर उघड्या अंगाने, गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासताहेत. १८७५ मध्ये सालोंने ते नाकारलं होतं. अशी कष्टाची कामं भिंतीवर टांगायची नसतात, अशी तेव्हाची समजूत. हा कायबोत बड्या घरचा. मित्रांची चित्रं विकत घ्यायचा, अडीअडचणीला पैसे द्यायचा आणि मरताना तो सगळा साठा देशाला देऊन गेला. सरकारने आढेवेढे घेत त्यातला निम्म्याहून थोडा अधिक स्वीकारला. कानातल्या बाई मला हे सांगत असताना ही म्हणाली, "ते दोघं कामात बोलताहेत बघा. आपल्याकडे फरशी घासायला आले होते, तेही असेच. आणि बाटली एकच, पेलाही एकच. तिघांत." मी बघितलं. उजव्या कोपऱ्यात खरंच एक बाटली आणि एक पेला होता. कानातल्या बाई अजून मृत्युपत्रावरच होत्या.

पुढे देगा या चित्रकाराच्या चित्रात एक बाई गुत्त्यात बसली होती. समोर हिरवट दारूचा पेला, नजर कुठेच नाही. शेजारी एक दाढीवाला, तोही भलतीकडे बघतोय. ही बराच वेळ थांबली. "हिला कुणीतरी घरी पोचवायला हवं," म्हणाली. "आणि शेजारी बसलेल्याला पत्ताच नाही." हे म्हणताना तिने दाढीवाल्याकडे न बघता माझ्याकडे का बघितलं, ते मला समजलं आणि मी कानातलं यंत्र काढून गळ्यात टाकलं.

बेर्त मोरिसो यांचा 'पाळणा' त्या पहिल्या, १८७४ च्या प्रदर्शनातला. पाळण्यावर जाळीचा पडदा, आत निजलेलं बाळ, आणि हाताला गाल टेकवून त्याच्याकडे बघणारी आई. चित्रकर्तीची ती बहीण. मायेचं चित्र, मी म्हणालो. "माया आहेच," ही म्हणाली, "पण तीन रात्रींची झोपही झालेली नाही. डोळे बघा. आणि पडदा अजून हातातच धरलाय. सोडला तर उठेल म्हणून." मी त्या हाताकडे आतापर्यंत बघितलंच नव्हतं.

एका चित्रावर मात्र माझा हक्क होता. मोन्यांचं 'सें-लाझार स्टेशन', १८७७. काचेचं छत, त्याखाली निळी-जांभळी वाफ आणि वाफेतून आत येणारं काळं इंजिन. इथे मी हिला रुळांपासून धुराड्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं. या चित्राचा एक किस्सा चित्रकार रेन्वारच्या मुलाने वडिलांच्या आठवणींत सांगितलाय. मोन्यांच्या खिशात तेव्हा दमडी नव्हती. पण त्यांनी ठेवणीतला पोशाख चढवला, हातात सोनेरी मुठीची काठी घेतली आणि ते स्टेशनच्या बड्या साहेबाला भेटले. मी तुमचं स्टेशन रंगवायचं ठरवलंय, म्हणाले. साहेबाला वाटलं कुणी फार मोठा माणूस आला. गाड्या थांबल्या, फलाट मोकळे झाले, हवा तेवढा धूर निघावा म्हणून इंजिनांत कोळसा कोंबला गेला. किती खरं, किती मीठमसाला, रेन्वारच जाणे. मी मात्र मनातल्या मनात खात्याचं विवरणपत्र भरत होतो. गाडीचा विलंब: दोन तास. कारण: चित्रकार. जबाबदार कर्मचारी: ठेवणीतला कोट.

आणि मग रूआंचं चर्च आलं.

मोन्यांनी १८९२ ते १८९४ च्या दरम्यान रूआं गावच्या कॅथीड्रलची समोरची बाजू तीसेक वेळा रंगवली. समोरच्या घरात जागा घ्यायची, ओळीने कॅनव्हास मांडायचे आणि ऊन सरकलं की एक सोडून दुसरा हातात घ्यायचा. तीच कमान, तेच दार, तेच मनोरे. सकाळचं निळं, दुपारचं पिवळंधमक, ढगाळ दिवसाचं राखाडी. त्यांतली पाच ओर्सेकडे आहेत. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि सवयीने उजवा डोळा मिटला. दगड तापवलेल्या तुपासारखा झाला. डावा मिटला. दगड निळसर, भल्या पहाटेचा. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. एका तिकिटात माझी चित्रं दुप्पट होत होती! आमच्या हॉलची भिंतच होती ती, फक्त तिला मनोरे होते.

हिशेब तपासताना दोन वह्यांतले आकडे जुळले नाहीत, तर एक वही चुकीची, असं धरून मी ३४ वर्षं पगार घेतला. या गृहस्थाने एका भिंतीच्या तीस वह्या लिहिल्या होत्या. एकही दुसरीशी जुळत नव्हती आणि सगळ्या बरोबर होत्या. कारण ते भिंत रंगवतच नव्हते. भिंतीवर त्या घटकेला जो उजेड पडला होता आणि तो त्यांच्या डोळ्याला जसा लागला, तेवढीच नोंद ते करत होते. मला एकदम सातवीतल्या सरांना फोन करावासा वाटला.

या आनंदात मी डोळ्यांचा वेग वाढवला. माझ्या आणि चित्राच्या मधे एक फ्रेंच बाई कधी येऊन उभ्या राहिल्या, हे डाव्या डोळ्याला नीट कळलं नाही आणि उजवा त्या क्षणी मिटलेला होता. मग तो उघडला आणि डावा मिटला, तेव्हा त्या माझ्याकडेच बघताहेत असं दिसलं. गोंधळात मी आणखी दोनदा तेच केलं. बाईंच्या भुवया चढल्या. पाठीमागून हिने माझी बाही ओढली.

"अहो, डोळे काय मारताय परमुलखात!"

"पारडं," मी बाईंना म्हणालो आणि आम्ही तिथून काढता पाय घेतला.

थेट गेलो ते पाचव्या मजल्यावरच्या मोठ्या घड्याळापाशी. इमारतीच्या दर्शनी भिंतीत एक भलंथोरलं काचेचं घड्याळ आहे. आपण त्याच्या आत उभे असतो. काट्यांच्या पलीकडे सगळं पॅरिस, दूर मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे करचं पांढरं चर्च. लोक फोटोसाठी रांगेत उभे. मी वर बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. "आठ वीस! अगं, सहाला बंद होतं हे! आपण आत अडकलो!" ही शांतपणे डब्याचं झाकण उघडायच्या बेतात होती. तेवढ्यात मुलगी आली. "बाबा, तू घड्याळाच्या मागे उभा आहेस. बाहेरून वाच. तीन चाळीस झालेत." रेल्वेच्या माणसाने स्टेशनातलं घड्याळ चुकीचं वाचावं, यापेक्षा मोठी मानहानी नाही. पुऱ्या आम्ही बाहेर जाऊन नदीकाठी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सेन नदीवरचा पादचारी पूल ओलांडून ऑरांजरी संग्रहालयात गेलो. तिथे दोन लंबवर्तुळाकार खोल्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर मोन्यांच्या तळ्याची आठ चित्रं. सगळी मिळून नव्वद मीटरच्या वर. रेल्वेच्या मापात जवळपास चार डबे. वरून पांढऱ्या कापडातून गाळल्यासारखा उजेड येतो. पहिलं महायुद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोन्यांनी क्लेमांसोंना पत्र लिहून ही भेट देशाला देऊ केली होती. क्लेमांसो पंतप्रधान, मोन्यांचे जुने मित्र आणि शिक्षणाने डॉक्टर. त्यामुळे मोन्यांच्या मागे त्यांचा आणखी एक लकडा होता: डोळ्यांचा. मोन्यांना १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचं कळलं होतं. ते दहा वर्षं टाळत राहिले. अखेर १९२३ मध्ये उजव्याचं ऑपरेशन झालं. मग त्यांना कधी सगळं फार निळं दिसे, कधी फार पिवळं. रंगीत काचांचे चष्मे झाले, चिडचिड झाली. डावा त्यांनी शेवटपर्यंत करू दिला नाही. १९२६ च्या डिसेंबरात ते गेले आणि या खोल्या १९२७ मध्ये उघडल्या.

उजवा झाला, डावा राहिला! मी ते दोनदा वाचलं. आयुष्यात प्रथमच एका थोर कलावंताशी माझी तब्येत जुळली होती. मी अभिमानाने हिला सांगायला वळलो. ही मधल्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसली होती.

"याला काठच नाही हो," ती म्हणाली.

नव्हताच. किनारा नाही, क्षितिज नाही. पाणी, त्यावर तरंगती पानं, पाण्यात पडलेले ढग आणि झाडाच्या उलट्या फांद्या. आभाळ आहे ते पाण्यातच.

ही सावंतवाडीची. शाळा सुटली की मोती तलावाच्या कट्ट्यावर बसत असे. "अंधार पडायला लागला ना, की आधी पलीकडचा काठ जायचा," ती सांगू लागली. "मग पाणी कुठलं नि आभाळ कुठलं, कळायचं नाही. आम्ही मैत्रिणी पैज लावायचो, कोणाला शेवटपर्यंत काठ दिसतो. मी नेहमी हरायचे. मला आवडायचंच ते, काठ गेलेलं." लग्नाला ३८ वर्षं झाली. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी काहीच न बोलता शेजारी बसलो. दोन्ही डोळे उघडे ठेवून.

परत आल्यावर डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर झाकण लावलं आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला.

"वरची ओळ?"

वाचली.

"खालची?"

"अक्षरं दिसत नाहीत. पण तिथे अक्षरं असावीत असं वाटतं."

"म्हणजे नक्की काय?"

"इंप्रेशन येतंय."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'बुधवार, सकाळी साडेआठ.' लरुआने तरी लेख लिहिला होता.

मी घरी येऊन हिला समजावून पाहिलं, की मोन्यांनी डावा केला नव्हता आणि तरी त्यांचं काही अडलं नाही. ही म्हणाली, "मोन्यांना तांदळातले खडे बघायचे नव्हते. मंगळवारपर्यंत मी बघते. बुधवारनंतर तुम्ही."

मंगळवारी संध्याकाळी ही खिडकीपाशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. पश्चिमेचं ऊन ग्रिलमधून आत आलेलं. मी दारात उभा राहून उजव्या डोळ्यावर तळहात धरला. भिंत मोतिया झाली. हिच्या साडीचा काठ उजेडात विरघळला, केसातला पांढरा सोन्यासारखा झाला, सुपातला दाणा आणि बोट वेगळं राहिना. १० पैकी १० मार्क द्यावेत असं चित्र. बुधवारी सकाळी साडेआठला ते काढून टाकणार होते.

"आता एक डोळा झाकून काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही. शेवटचं बघून घेतोय."

सूप खाली आदळलं. "अहो, तिन्हीसांजेला असलं काय अभद्र बोलता!" आणि ती तरातरा देवापाशी गेली, काडी ओढली, निरांजन लावलं.

डाव्या डोळ्याला ज्योतीभोवती मोठं पिवळं वलय दिसत होतं, अगदी तिच्या हातापर्यंत. मी तळहात काढला. उजव्याला नुसता दिवा दिसला.